गाडीला कंपनीचे फॉग लाईट नाहीत? नंतर बसवताना काय घ्यायचं, वायर कशी ओढायची, काय टाळायचं

डिसेंबर-जानेवारीत पहाटे कोयना आणि कृष्णाकाठी धुकं उतरतं. पावसाळ्यात कुंभार्ली, आंबेनळी, पसरणी या घाटांत आणि कास-ठोसेघरच्या पठारावर भर दुपारीसुद्धा समोरचं दिसत नाही. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या एकतर बेस मॉडेल, नाहीतर सेकंड हँड. त्यांना कंपनीकडून फॉग लाईट आलेलेच नसतात. बंपरमध्ये दिव्याच्या जागी काळं झाकण असतं, तेवढंच.

मग माणूस गॅरेजला जातो आणि म्हणतो, "लाईट बसवून द्या." गॅरेजवाला बसवूनही देतो. पण कोणता दिवा, किती उंचीवर, वायर कुठून, फ्यूज कितीचा, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्याचा फटका बसला म्हणून ही सगळी माहिती एका जागी लिहून ठेवतोय.

माझ्या बाबतीत काय झालं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांचं डायलिसिस सुरू होतं. आठवड्यातून दोनदा पहाटे पाचला पाटणकडून कराडला निघावं लागायचं. दवाखान्यातली वेळ ठरलेली, त्यामुळं धुकं विरायची वाट बघत बसता येत नव्हतं. कारखान्यांचा हंगाम चालू होता. एका पहाटे धुक्यात अप्पर लावून चाललो होतो. समोर नुसती पांढरी भिंत. आण्णा एकदम म्हणाले, "आरं हळू, म्होरं कायतरी हाय." ब्रेक दाबला तेव्हा उसाची पंक्चर झालेली ट्रॉली दोन-तीन फुटांवर होती. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. चाकाला दगड आणि वर एक झाडाची डहाळी, बस्स.

त्याच आठवड्यात रस्त्याकडेच्या एका दुकानात फॉग लाईट बसवले. त्यानं हेडलाईटच्या वायरीलाच टाके मारून दिवे जोडले. पंधरा दिवसांत फ्यूज उडाला. त्यानं फ्यूज मोठा टाकून दिला. पुढच्या महिन्यात रात्री बोनेटमधून जळका वास आला आणि हेडलाईटसुद्धा बंद पडले. कपलर वितळलं होतं. धुक्यातून वाचायला दिवे बसवले आणि अंधारात उभं राहायची वेळ आली. नंतर एका जाणत्या वायरमनकडून सगळं नव्यानं करून घेतलं, तेव्हा शेजारी बसून समजून घेतलं.

फॉग लाईट नेमकं काय करतो

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. हवामानशास्त्रात दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली आली की त्याला धुकं म्हणतात. अप्परचा उजेड लांब आणि वर जातो, थेंबांवर आपटतो आणि उलट आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून धुक्यात अप्पर लावला की दिसायचं वाढत नाही, उलट कमी होतं.

फॉग लाईटचा उजेड तीन बाबतीत वेगळा असतो.

१. तो रुंद पसरतो. रस्त्याच्या दोन्ही कडा, पांढरी पट्टी, साईडपट्टी, कठडा दिसतो.
२. वरच्या बाजूला तो सुरीनं कापल्यासारखा एका रेषेत संपतो. त्याच्या वर उजेड जात नाही, म्हणून परत डोळ्यांत येत नाही.
३. दिवा जमिनीजवळ बसवलेला असतो. त्यामुळं उजेड धुक्याच्या खालून रस्त्यावर पडतो.

म्हणजे फॉग लाईट लांबचं दाखवायला नाही. जवळचा रस्ता आणि त्याच्या कडा दाखवायला आहे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की कोणता दिवा घ्यायचा आणि तो कसा वापरायचा, हे दोन्ही सोपं होतं.

पिवळा घ्यावा की पांढरा?

हा प्रश्न सगळेच विचारतात. पिवळा उजेड धुकं फोडून पुढं जातो असं म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळं पिवळा काय आणि पांढरा काय, दोन्ही जवळपास सारखेच विखुरतात. पिवळ्यानं बऱ्याच जणांच्या डोळ्यांना कमी त्रास होतो, हा फायदा मात्र आहे. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाईटसुद्धा पिवळेच लागायचे. नियमात पुढच्या फॉग लाईटला पांढरा आणि पिवळा दोन्ही चालतात. निळसर पांढरा, निळा, हिरवा, लाल पुढं लावू नका.

रंगापेक्षा महत्त्वाची ती वरची कापलेली रेषा. ती नसेल तर दिवा पिवळा असून उपयोग नाही.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते बघा

पैसे खर्च करायच्या आधी चार गोष्टी तपासा.

१. बंपरमध्ये फॉग लाईटची जागा आहे का. काळं गोल किंवा तिकोनी झाकण असेल तर जागा आहे असं समजा. त्याच बंपरला वरच्या मॉडेलचे दिवे बहुतेक वेळा बसतात.
२. झाकणाच्या मागं रिकामं कपलर लोंबतंय का. काही गाड्यांत कंपनीनं वायरिंग आधीच ओढलेलं असतं. तसं असेल तर निम्मं काम झालं.
३. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर फॉग लाईटची खूण आहे का आणि त्या जागी फ्यूज, रिले आहेत का. खूण म्हणजे दिवा, शेजारी आडव्या रेघा आणि त्या रेघांना छेदणारी एक वळणदार रेघ.
४. स्टेअरिंगजवळच्या लाईटच्या दांडीवर तीच खूण असलेली फिरती रिंग आहे का. नसेल तर दांडी बदलता येते, किंवा डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवता येतं.

गाडीसोबत आलेल्या पुस्तकात फ्यूजचं पान असतं. ते मोबाईलवर फोटो काढून वायरमनला दाखवा. अंदाजपंचे वायर तपासण्यात त्याचाही वेळ वाचतो.

कोणता दिवा घ्यायचा

*कंपनीचा किट:* आपल्या मॉडेलसाठी शोरूमला किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. त्यात दोन दिवे, बाजूच्या रिंगा, वायरिंग, रिले आणि बटण असतं. महाग पडतो, पण वायर तोडावी लागत नाही आणि दिवा बरोबर बसतो. गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचार करू नका. शोरूमलाच बसवा आणि पावती ठेवा.

*बाहेरच्या चांगल्या कंपनीचा किट:* वॉरंटी संपलेल्या गाडीला चालतो. काचेवर मान्यतेची खूण बघा. गोलात इंग्रजी 'ई' अक्षर आणि आकडा असतो, आणि पुढचा फॉग लाईट असेल तर 'बी' किंवा 'एफ ३' असं कोरलेलं असतं. काहीच कोरलेलं नसेल तर तो नुसता शोभेचा दिवा समजा.

*बल्बचा नंबर:* बल्बच्या बुडावर नंबर असतो. एच ८ हा ३५ वॉटचा, एच ११ हा ५५ वॉटचा आणि एच १६ हा १९ वॉटचा. तिन्ही दिसायला सारखे. ३५ वॉटच्या होल्डरमध्ये खटपट करून ५५ वॉटचा बसवला तर उष्णतेनं होल्डर आणि आतली चकाकी जाते. जो नंबर लिहिलाय तोच बल्ब टाका. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. कापडात किंवा कागदात धरा.

*एलईडी:* मुळातच एलईडीसाठी बनवलेला फॉग लाईट असेल तर चांगलाच. करंट कमी घेतो, टिकतो. पण हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा किंवा एचआयडीचा बल्ब खुपसू नका. हॅलोजनची तार ज्या जागी असते त्या जागेचा हिशोब धरून आतला आरसा बनवलेला असतो. तिथं दुसरा बल्ब आला की उजेड वाटेल तसा फाकतो, वरची रेषा जाते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आपल्याला वाटतं उजेड वाढला. धुक्यात तोच उजेड उलटा आपल्या अंगावर येतो.

करंटचा साधा हिशोब

वॉटला व्होल्टनं भागलं की अँपिअर येतात. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची.

- ५५ वॉटचे दोन दिवे: ११० भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. फ्यूज १५ अँपिअरचा.
- ३५ वॉटचे दोन दिवे: ७० भागिले १२, म्हणजे सुमारे ६ अँपिअर. फ्यूज १० अँपिअरचा.
- एलईडीची जोडी: बहुतेक ३ अँपिअरच्या आत. फ्यूज ५ अँपिअरचा.

आता माझ्या गाडीचं काय झालं ते लक्षात येईल. हेडलाईटची वायर आणि फ्यूज हेडलाईटपुरतेच दिलेले. त्यावर आणखी ९ अँपिअर टाकले. फ्यूज उडाला, म्हणजे त्यानं त्याचं काम केलं होतं. तो मोठा टाकल्यावर फ्यूजऐवजी कपलर जळलं. फ्यूज वारंवार उडत असेल तर दोष शोधा, मोठा फ्यूज टाकू नका. फ्यूजच्या जागी तार किंवा चांदी तर अजिबात नको.

रिले कशाला लागतो

विहिरीवरच्या मोटारीचा सगळा करंट आपण घरातल्या बटणातून नेत नाही, स्टार्टर लावतो. रिलेचं काम तसंच. डॅशबोर्डवरच्या बटणातून रिलेला फार थोडा करंट जातो, आणि दिव्यांचा मोठा करंट बॅटरीतून रिलेमार्गे थेट दिव्यांना जातो. बटण तापत नाही, वायर तापत नाही, दिव्याला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

चार पायांचा १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घ्या. पायांजवळ इंग्रजीत आकडे कोरलेले असतात:

- ३० नंबर: बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून, मध्ये फ्यूज.
- ८७ नंबर: दोन्ही दिव्यांकडं.
- ८६ नंबर: बटणाकडून येणारी वायर.
- ८५ नंबर: अर्थिंग, म्हणजे गाडीची बॉडी.

बटणाला करंट पार्किंग लाईटच्या वायरीवरून द्या. म्हणजे पार्किंग किंवा हेडलाईट चालू असतानाच फॉग लाईट लागतात. गाडी बंद करून उतरताना चुकून चालू राहून बॅटरी उतरत नाही.

वायर बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून दिव्यांच्या फाट्यापर्यंत अडीच एमएमची, तिथून प्रत्येक दिव्याला दीड एमएमची घ्या. गाडीचीच वायर घ्या. घरातली फिटिंगची वायर उष्णता आणि तेलाला टिकत नाही.

बसवायचे टप्पे

स्वतः करणार असाल किंवा वायरमनसमोर उभं राहणार असाल, क्रम असा ठेवा.

१. गाडी बंद करा, किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा.

२. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा. चाकाच्या वरच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पुढच्या क्लिपा काढल्या की हात बंपरच्या मागं जातो. बऱ्याच गाड्यांना पूर्ण बंपर उतरवावा लागत नाही.

३. काळं झाकण आतून दाबून काढा, दिवा बसवा, स्क्रू आवळा. हलणारा दिवा धुक्यात कामाचा नाही.

४. रिले बोनेटमध्ये वरच्या, कोरड्या जागी बसवा, पाय खाली करून. म्हणजे पाणी आत साठत नाही.

५. फ्यूज बॅटरीपासून एक वितीच्या आत पाहिजे. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठं घासली तर तिला कोणीच वाचवत नाही, म्हणून तो तुकडा जितका लहान तितका बरा.

६. अर्थिंगची वायर बॉडीच्या बोल्टला द्या. तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करा, वायरीला गोल थिंबल दाबून लावा, वरून ग्रीस लावा. दिवा मंद लागतो किंवा मिणमिणतो, त्याचं कारण बऱ्याचदा खराब अर्थिंग असतं.

७. बटणाची वायर आत नेताना पत्र्याला नवीन भोक पाडू नका. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात रबरी ग्रोमेट असतो, त्यातून न्या. उघड्या पत्र्याच्या धारेवर वायर सहा महिन्यांत कापली जाते.

८. सगळी वायर काळ्या लवचीक पाइपमधून न्या. रेडिएटरचा पंखा, बेल्ट, सायलेन्सर यांपासून लांब बांधा. सीएनजी गाडी असेल तर गॅसच्या पाइपला वायर बांधू नका.

९. पिवळ्या पाइपातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरीला हात लावू नका. ती एअरबॅगची असते. पुढच्या पत्र्यावर एअरबॅगचे सेन्सर असतील तर तेही जागचे हलवू नका.

१०. बॅटरी जोडा, दिवे लावा, १५ मिनिटं चालू ठेवा. मग फ्यूज, रिले आणि जोडांना हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल इतकं गरम असेल तर जोड ढिला आहे किंवा वायर बारीक आहे.

उंची किती, आणि नियम काय

भारतातल्या वाहनांच्या दिव्यांचं मानक एआयएस-००८ या नावानं आहे. पुढचे फॉग लाईट त्यात ऐच्छिक आहेत, म्हणजे नसले तर गुन्हा नाही. बसवले तर दोन, एकाच रंगाचे. कारसाठी दिवा जमिनीपासून किमान २५० मिलिमीटर, म्हणजे साधारण १० इंच वर, आणि ८०० मिलिमीटरच्या वर नाही. हेडलाईटच्या डिपरपेक्षा उंच तर नाहीच. बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत, म्हणजे गाडीची रुंदी समोरच्याला कळावी.

टपावर एलईडीची पट्टी लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १११ प्रमाणं गाडीच्या पुढं स्पॉट लाईट किंवा सर्च लाईट लावायला मनाई आहे. अपवादात्मक परिस्थितीतच, तेही नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा कायम खाली झुकलेला पाहिजे, समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी टपावरचा उजेड धुक्यात सगळ्यात वाईट. तो तर थेट आपल्या डोळ्यांसमोरच्या थेंबांवर पडतो.

काही जण फॉग लाईट बसवायला पुढं लोखंडी गार्ड लावून घेतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं आहे. पायी चालणाऱ्याला त्यानं जबर मार बसतो आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो.

भिंतीवर सेटिंग: हे काम बरेच जण करतच नाहीत

दिवा बसला म्हणजे काम झालं असं नाही. तो झुकवावा लागतो. संध्याकाळी अंधार पडल्यावर शाळेची, सोसायटीची किंवा गोठ्याची सपाट भिंत बघा.

१. जमीन सपाट पाहिजे. टायरमध्ये हवा बरोबर. गाडीत नेहमी असतं तेवढं वजन ठेवा. डिकीत खताची पोती असतील तर पुढची बाजू वर उचलते आणि सेटिंग चुकतं.
२. दिव्यापासून भिंत २५ फुटांवर ठेवा.
३. दिव्याच्या मधोमध जमिनीपासून उंची मोजा. समजा १८ इंच आहे. भिंतीवर १८ इंचांवर खडूची आडवी रेघ मारा.
४. त्या रेघेच्या ४ इंच खाली दुसरी रेघ मारा.
५. दिव्याच्या मागं किंवा बाजूला एक स्क्रू असतो. तो फिरवून उजेडाची वरची कड खालच्या रेघेवर आणा. दोन्ही दिवे सारखे.

२५ फुटांत ४ इंच खाली, या हिशोबानं १८ इंचांवरच्या दिव्याचा उजेड सुमारे ११२ फुटांवर, म्हणजे ३४ मीटरवर जमिनीला टेकतो. त्याच्या पुढं फॉग लाईटला काही दिसत नाही. हा ३४ चा आकडा लक्षात ठेवा.

मग वेग किती ठेवायचा

ओला डांबरी रस्ता, बरे टायर, आणि समोरचं दिसल्यापासून एका सेकंदात पाय ब्रेकवर गेला असं धरलं, तर गाडी थांबायला लागणारं अंतर साधारण असं येतं:

- ताशी ३० किलोमीटर: १६ मीटर
- ताशी ४० किलोमीटर: २५ मीटर
- ताशी ५० किलोमीटर: ३६ मीटर
- ताशी ६० किलोमीटर: ४८ मीटर

आपला उजेड ३४ मीटरला संपतो. म्हणजे ५० च्या वेगालाच गाडी उजेडाच्या बाहेर जाऊन थांबते. तिथं ट्रॉली असेल तर ती दिसेल, पण आपण थांबू शकणार नाही. म्हणून फॉग लाईट असले तरी धुक्यात ४० ही वरची हद्द समजा. दाट धुक्यात २०-३०. टायर गुळगुळीत असतील तर त्याहून कमी. काच खाली करून कान उघडे ठेवा, मोबाईलवरची गाणी बंद.

फॉग लाईट बसवल्यावर आपोआप वेग वाढतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. रस्त्याची कड दिसायला लागते आणि जीवात जीव येतो, पाय जरा जड होतो. तिथंच सांभाळायचं.

मागच्या दिव्याला विसरू नका

धुक्यात आपल्याला दिसणं जितकं गरजेचं, तितकंच मागून येणाऱ्याला आपण दिसणं. मागचा फॉग लाईट लाल असतो, बल्ब २१ वॉटचा, साध्या मागच्या दिव्यापेक्षा बराच प्रखर. एकच बसवायचा असेल तर ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडं. ब्रेक लाईटपासून किमान ४ इंच लांब, नाहीतर ब्रेक लागला की नाही ते मागच्याला कळत नाही. ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. हेडलाईट किंवा पुढचे फॉग लाईट चालू असतानाच तो लागेल अशी जोडणी करा.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाऊ नका. मग आपण वळतोय का उभे आहोत, ते कोणालाच कळत नाही. चारही इंडिकेटर गाडी थांबवल्यावरच.

वापरताना

- धुक्यात डिपर आणि फॉग लाईट एकत्र. अप्पर बंद.
- धुकं संपलं की फॉग लाईट लगेच बंद. मागचा तर नक्की. साध्या रात्री तो मागच्याला त्रास देतो.
- ओढ्यातलं, पुलावरचं पाणी ओलांडायच्या आधी हॅलोजन फॉग लाईट बंद करून थोडं थांबा. गरम काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकते.
- महिन्यातून एकदा काच पुसा. आपल्या रस्त्यांवर चिखल सगळ्यात आधी याच दिव्यांवर बसतो.
- विमा कंपनीला जादा दिवे बसवल्याचं कळवा. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून थोडा जादा प्रीमियम भरून त्या विम्यात घेता येतात. पावती जपून ठेवा.

वायरमनला विचारायचे पाच प्रश्न

१. रिले लावणार ना?
२. बॅटरीजवळ वेगळा फ्यूज देणार ना, आणि कितीचा?
३. कंपनीची कोणती वायर तोडणार? (उत्तर "कुठलीच नाही" असं आलं पाहिजे. नाहीतर कपलरचं वायरिंग मागा.)
४. अर्थिंग कुठं देणार?
५. भिंतीवर सेटिंग करून देणार ना?

पाचही प्रश्नांना नीट उत्तर देणारा माणूस दोनशे रुपये जास्त घेत असेल तरी त्याच्याकडंच करा. मला दुसऱ्यांदा काम करून घ्यायला दिवे धरून साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला. पहिल्यांदा वाचवलेले पैसे जळलेल्या कपलरमध्ये गेले ते वेगळेच.

आणि शेवटी आपली ट्रॉली

त्या पहाटे दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्यांदा आमची स्वतःची ट्रॉली बघितली. मागं एक रिफ्लेक्टर फुटलेला, दुसरा शेणामातीनं माखलेला. तीही हंगामात रात्रीची कारखान्यावर जात होती. ज्याला मी रस्त्यावर शिव्या घातल्या, तोच कोणासाठी तरी मीही होतो.

फॉग लाईट ३४ मीटरपर्यंत उजेड टाकतो. त्या उजेडाला परत चमकायला समोर काहीतरी लागतं. नुसता ऊस आणि गंजलेला पत्रा चमकत नाही. ट्रॉलीच्या मागं लाल, बाजूला पिवळी आणि पुढं पांढरी चमकणारी पट्टी लावा. दोन ट्रॉल्या जोडल्या असतील तर दोन्हींना. बैलगाडीच्या जुवाला आणि मागच्या फळीलाही लावा. पट्टीवर ऊस लोंबत असेल तर वाढ्याला एक रिफ्लेक्टर बांधा. ट्रॉली रस्त्यात बंद पडली तर दगड आणि डहाळीवर भागवू नका. त्रिकोण किंवा बॅटरी लावा आणि एक माणूस साईडपट्टीवरून पन्नास-साठ पावलं मागं उभा करा.

कारला दिवे आणि ट्रॉलीला पट्टी, दोन्ही झालं तरच धुक्यातला रस्ता निम्मा सोपा होतो. उरलेला निम्मा आपल्या पायाखालच्या ब्रेकवर आहे.